नक्की कुणाचं ऐकायचं?

सांगलीच्या मार्केट यार्डातून फोन येतो, "ओ सायेब, हळदीचा फोटो चढंना झालाय!" मी सांभाळतो त्या साइटवर चढवायचा फोटो जेमतेम ३ एमबीचा. साइट ज्या भाषेत चालते त्या पीएचपीची फाइल चढवण्याची मूळ मर्यादा २ एमबी, ती पीएचपी.आयएनआय या सेटिंगच्या फाइलीत वाढवतो. तरी नाही, कारण पुढ्यात दारवानासारख्या बसलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरची स्वतःची १ एमबीची मर्यादा. तीही वाढवली, तर पीएचपीच्याच कॉन्फ.डी या जादा सेटिंगच्या फोल्डरात कुठल्याशा मॉड्यूलने टाकलेली फाइल मागून वाचली जाते आणि माझं लिहिलेलं पुसून टाकते. भरीला साइटच्या फोल्डरात कुणीतरी ठेवून गेलेली .युजर.आयएनआय, म्हणजे त्या फोल्डरापुरती सेटिंगची आणखी एक फाइल. पीएचपी ती ३०० सेकंद धरून ठेवतं, म्हणजे बरोबर केलेलं दुरुस्तीकामही पाच मिनिटं चुकलेलंच दिसणार. एका घरात चार कारभारी, आणि चौघांचेही कान बंद!

बरं, शेवटचा शब्द कुणाचा, यावर तरी एकमत असावं? सिसकंट्रोलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याची सेटिंग) मागून वाचलेली किंमत जिंकते, एसएसएचडीत (दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्राम) पहिली. दोघांच्याही फाइली ईटीसी या एकाच फोल्डरात नांदतात.

डेबियन या लिनक्सवर तर कहरच. कमांड लाइनची पीएचपी.आयएनआय वेगळी, साइटसाठी पीएचपी चालवणाऱ्या एफपीएमची वेगळी. टर्मिनलवर विचारलं की ऐटीत '१० एमबी' सांगतं, साइट मात्र २ वरच अडून बसलेली. (एफपीएम रीस्टार्ट केलंय हो, ते विचारू नका.)

कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटला सेटिंग विचारताना 'शो-ओरिजिन' म्हटलं की प्रत्येक सेटिंग कुठल्या फाइलीतून आली ते निमूट दाखवतं. बाकीच्यांना तेवढंच करायला काय धाड भरते?