तरंगणारं अंडं आणि खारपाणपट्ट्यातला समुद्र

परवा रात्री साडेअकराला भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. खाली ओळ: "मामा, आपल्या बोअरात समुद्रच हाये म्हंते!" व्हिडिओतला माणूस ठासून सांगतो की खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे विदर्भातल्या खाऱ्या पाण्याच्या भागातल्या, शेतकऱ्याने बोअरचं पाणी टाकीत भरावं. खारेपणा कमी पडला तर किराण्यातलं खडेमीठ घालावं, अंडं तरंगलं की समजावं समुद्र तयार. आठवड्याला चमचाभर खायचा चुना टाकावा, पाणी आटलं की बोअरचंच भरावं, त्यात क्लाउनफिश नावाचे रंगीत समुद्री मासे आणि पोवळी वाढवून लाखाने विकावी. आमच्या अख्ख्या नात्यात तो फिरलाय. दर्यापूरकडच्या मावशीने तर "छान माहिती" म्हणून हात जोडलेले पाठवले.

अकोल्यात माझं माशांच्या टाक्यांचं लहानसं दुकान आहे. पोवळ्यांशिवायची एक समुद्री टाकी मी चार वर्षं सांभाळली, दोनदा बुडवली. तेवढ्या अनुभवावर बोलतो.

आधी अंडं, कारण भाच्याने सकाळी त्याचाच फोटो पाठवला. "मामा, अंडं तरंगून राह्यलं ना!" मी विचारलं, मीठ किती टाकलंस? ८० लिटरच्या टाकीत आठ किलो! अरे बाबू, समुद्राच्या एक किलो पाण्यात क्षार असतात ३५ ग्रॅम. ८० लिटरला तीन किलोही लागत नाहीत. ताजं अंडं समुद्रात तरंगतच नाही, बुडतं. साध्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५, ताज्या अंड्याची १.०८ च्या आसपास. ते वर यायला दहा टक्क्यांच्या घरातलं मिठाचं पाणी लागतं, म्हणजे समुद्राच्या जवळपास तिप्पट. बरं, अंडं शिळं होत जातं तशी त्यातली हवेची पोकळी वाढते आणि फार शिळं अंडं साध्या पाण्यातही वर येतं. म्हणजे या मापाने खारेपणा कळत नाही, कळलं तर अंड्याचं वय कळतं. लोणच्याच्या खाराला ही युक्ती ठीक आहे, तिथे कुणाला श्वास घ्यायचा नसतो. पाण्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर विकत मिळतो, कोंबडीला कशाला कामाला लावता?

आता बोअरचा समुद्र. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्यात, पाणी खारं आहे हे कुणी सांगायला नको, पिढ्या त्यात गेल्या. पण भाच्याच्या बोअरला मी विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला तेव्हा आकडा आला लिटरला २,८०० मिलिग्रॅमच्या आसपास. समुद्राचा ३५,०००. बारा पटींहून जास्त फरक. आणि आकडा जुळवला तरी काम भागत नाही. चॅलेंजर नावाच्या जहाजाने १८७२ ते १८७६ मध्ये जगभरचे समुद्र पालथे घातले. त्यांनी आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापला: खारेपणा कुठे कमी, कुठे जास्त, पण मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळपास सगळीकडे एकच. किलोभर पाण्यात मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम, कॅल्शियम ०.४, पोटॅशियमही ०.४. समुद्री जीव याच प्रमाणात घडलेत. आपल्याकडे दोन शेतांतल्या बोअरचं पाणी सारखं निघत नाही.

खडेमिठाने ही उणीव भरत नाही. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहतं. ते पाणी काढून टाकतात, म्हणून तर मीठ कडू लागत नाही. टाकीला नेमकं जे हवं तेच मिठागरात मागे राहिलेलं असतं.

चुन्याबद्दल मात्र एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. जगभरचे पोवळंवाले चुना खरोखर वापरतात, त्याला जर्मन भाषेतून आलेलं काल्कवासर असं नाव आहे. पण ती असते चुन्याची निवळी. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, गाळ खाली बसू देतात आणि वरचं स्वच्छ पाणी थेंबथेंब सोडतात. निवळीचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप, असतो १२ च्या वर. खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पुडीतला चुना चमचाभर थेट टाकीत ढकलला की काय होईल? समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम हे कॅल्शियम कार्बोनेटला सहजासहजी दगड होऊ देत नाही. किराण्याच्या मिठात ते जवळपास नाहीच, म्हणून पाणी पांढरं होऊन चुना तळाला बसेल. याहून वाईट अमोनियाचं. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. पीएच ७ चा ८ झाला की त्यातला विषारी भाग सुमारे दहापट होतो, पुढे आणखी वाढतो. नव्या टाकीत तो पचवणारे जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात. व्हिडिओत मासे पहिल्याच दिवशी सोडलेत, आणि टाकी दाखवलीय तीही त्याच दिवशीची. आठव्या दिवशीची दाखवा ना!

आटलेल्या पाण्याच्या जागी बोअरचं पाणी? कूलरची जाळी आठवा. मे महिन्यात तिच्यावर जो पांढरा थर चढतो, तो काढायला आपण हातोडी घेतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. टाकीतही तेच होतं, म्हणून आटल्यावर क्षार नसलेलं आरओचं पाणीच टाकायचं. आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, लाइट गेलेली असताना, टाकी २६ अंशांवर कशी ठेवायची हे तो माणूस बोलतच नाही.

पोवळी विकण्याचं तर नावच काढू नका. दगडी पोवळी २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली. मेळघाटातला वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. लाखाचं स्वप्न दाखवणाऱ्याने तुरुंगाचा 'त' उच्चारला नाही.

खाऱ्या जमिनीच्या पाण्यात काहीच होत नाही असंही नाही. हरियाणात रोहतकजवळ लाहलीला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या केंद्रात अशा पाण्यात कोळंबी वाढवतात. पण तिथेही पाण्यात पोटॅशियम कमी पडतं, म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश टाकावं लागतं, तेही पाणी तपासून, मोजून. आपण कापसाला टाकतो तेच पोटॅश. हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. मग म्हणाला, "मंग हे आठ किलो मीठ कुठी फेकू?" शेतात फेकू नको म्हटलं, जमीन आधीच खारी आहे. टाकी नीट धुऊन त्यात गप्पी सोड, तिला आपलं बोअरचं पाणी चालतं. मीठ अजून बादल्यांत पडून आहे. मावशीने काल तोच व्हिडिओ पुन्हा पाठवलाय.