टेस्ट लिहा, कारण गिळा

बेळगावात उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळत असाल, तर हा सल्ला खास तुमच्यासाठी. बग दुरुस्त झाला की रिग्रेशन टेस्ट (तोच बग परत आला तर ओरडणारी तपासणी) जरूर लिहा, रिव्ह्यूत बरं दिसतं. फक्त ती का लिहिली, याचा पत्ता कुणाला लागू देऊ नका.

टेस्टचं नाव 'टेस्ट_नवीन_२' असं ठेवा. 'कऱ्हाडचं गिऱ्हाईक शोधल्यावर सापडतं' असलं नाव दिलंत, तर काल लागलेला पोरगाही तुम्हाला न विचारता काम उरकेल. मग तुम्हाला चहाला कोण नेणार?

आता कऱ्हाडचंच घ्या की. त्यातला 'ऱ्ह' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, दोन तऱ्हांनी लिहितात: एक तर खाली टिंब असलेला ऱ वापरून, नाहीतर साधा र, हलन्त आणि त्याला चिकटलेला, डोळ्यांना न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं चिन्ह) घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधात मात्र दोन वेगळी गावं. एकाने दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्या तऱ्हेत रूपांतर करून हे मिटवलं, टेस्टही लिहिली. पुढे दुसऱ्या कुणी, कन्नड कीबोर्डवरून आलेल्या नावांत अदृश्य अक्षरं घुसतात म्हणून, सगळे झेडडब्ल्यूजे सुरुवातीलाच उडवले. कऱ्हाडचं 'कर्हाड' झालं आणि जुनी टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाली.

इथे मन घट्ट करा. 'आधी ऱ करायचा, मगच झेडडब्ल्यूजे काढायचे. दोन्ही तिकिटं एकत्र वाचा' एवढी एक ओळ, दोन्ही तिकिटांच्या, म्हणजे बगच्या नोंदींच्या, क्रमांकांसह, टेस्टच्या डोक्यावर टाकावीशी वाटेल. टाकू नका. टेस्टमधलं अपेक्षित उत्तरच 'कर्हाड' करून टाका. हिरवं झालं, विषय संपला. माल निपाणी ओलांडून पोचल्याशी मतलब.

कमिटमध्ये, म्हणजे कोडमधला बदल नोंदवताना, 'मायनर फिक्स' लिहा. कुठली ओळ शेवटी कुणी बदलली हे दाखवणारा गिट ब्लेम कुणी मारलाच, तर अख्ख्या फाइलवर एकदा फॉरमॅटर (कोडची मांडणी सारखी करणारं साधन) फिरवून ठेवा. मग ओळीओळीवर फॉरमॅटर चालवणाऱ्याचंच नाव. (सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण त्याची फाइल निदान क्रमांकाने तरी सापडते.)

जगात वेडे लोकही आहेत म्हणा. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या कित्येक टेस्ट फाइलींच्या नावातच तिकिटाचा क्रमांक असतो. पायथॉन ही भाषा बनवणारे टेस्टवर इश्यूचा, म्हणजे तिकिटाचाच, क्रमांक लिहितात. २०२२ मध्ये त्यांचे इश्यू गिटहबवर गेले, क्रमांक बदलले, तर जुन्या क्रमांकावरून नवं पान उघडेल अशी सोयही त्यांनी करून ठेवली! तुम्ही ट्रॅकर (तिकिटं ठेवायची जागा) बदलाल तेव्हा जुना सर्व्हर बिनधास्त बंद करा. भाडं वाचेल.

वर्षाखेरीस अप्रेझलला बसाल तेव्हा कऱ्हाड तीनदा दुरुस्त झालेलं असेल. तीन वेगळे बग म्हणून दाखवा. ते एकच होते, हे सिद्ध करणारी ओळ कुठेच नाही.