‘दोन्ही कासवांना वेगळं केलं आणि छोट्याकडे लक्षच दिलं नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं असं की दोघं पिल्लं असल्यापासून एकत्र आहेत, छोटा मोठीच्या तोंडासमोर हात हलवून खेळतो, कधी भांडण नाही, तरी बोर्डिंगला ठेवल्यावर आम्ही टँकमध्ये पार्टिशन घातलं आणि छोट्याची वाढ खुंटलीय म्हटल्यावर ‘नॉर्मल आहे’ म्हणून वाटेला लावलं.

वाढ खुंटलेली नाही हो, तो पूर्ण वाढलेला नर आहे. रेड इअर्ड स्लायडरमध्ये, म्हणजे तुमच्या या जातीच्या कासवांत, मादीच मोठी असते, तिचं कवच २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत जातं, नर बहुतेक २० च्या आसपास किंवा त्याआधीच थांबतो. पिल्लं असताना नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत, कवच साधारण १० सेंटीमीटरचं झालं की नराची पुढची नखं लांब व्हायला लागतात आणि शेपूट जाड होतं, तुमच्याकडच्याचं दोन्ही अगदी स्पष्ट दिसतंय. आता छोटं कासव खरंच उपाशी राहतंय असंही होतं, मोठं सगळं खाऊन टाकतं आणि छोट्याची शेपटी चावतं, पण मग ते अंगावर दिसतं. याचे पाय भरलेले, डोळे स्वच्छ, खाणं दणकून. म्हणून नॉर्मल म्हटलं.

आणि तो जो खेळ म्हणताय ना, तो मादीला मनवतोय. समोर येऊन मागे मागे पोहतो, दोन्ही पुढचे पाय सरळ ताणून तळवे बाहेरच्या बाजूला करतो आणि नखं तिच्या डोळ्यांजवळ इतक्या भरभर थरथरवतो की वेगवेगळी दिसतच नाहीत, बघायला फार सुंदर असतं, मलाही बघत बसावंसं वाटतं. (वयात न आलेली पिल्लं आणि दोन नरसुद्धा एकमेकांसमोर असं करतात, त्यामुळे नुसतं यावरून जोडी आहे असं धरू नका.) तळ्यात मादीला नको असेल तर ती निघून जाते, पण टँकमध्ये जाणार कुठे? तुमची मादी पाण्यात उतरली की हा मागे, खायला टाकलं तरी ती बास्किंगच्या (पाण्याबाहेर ऊब घेत बसायच्या) फळीवरून खाली येईना, आणि मानेच्या मागे चावल्याच्या खुणा, त्यातली एक ताजी. फोन लागला नाही म्हणून फोटो मेसेज केले आणि पार्टिशन घातलं, परत अशी वेळ आली तर परत घालू. त्याचे वेगळे पैसे घेतलेले नाहीत, बिल बघा.

घरी नेल्यावरही दोन टँक करा प्लीज. आणि रिव्ह्यूत ज्याचा उल्लेखच नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ती फळीवर मागच्या पायांनी खरवडत होती, हे मेसेजमध्येही लिहिलंय. अंडी असू शकतात. नराशिवायही मादी अंडी घालते, आणि पुरायला ओलसर माती-वाळूची जागा मिळाली नाही तर कधीकधी अंडी आतच अडकतात, मग जिवावर बेततं. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून लवकरात लवकर एक्स-रे काढून घ्या, डॉक्टर सापडत नसतील तर दुकानाच्या नंबरवर मेसेज करा, मी शोधून देतो.