‘.३२ म्हणजे .३२च’ : मून क्लिपच्या निरोपातलं काय खरं, काय घातक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या परवानाधारकांमध्ये व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतो आहे. त्याचा मतलब असा : रिव्हॉल्व्हरची .३२ काडतुसं मिळाली नाहीत तर पिस्तुलाची ७.६५ घ्या, बोअर (नळीचा आतला व्यास) एकच आहे. पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचं) निघाल्या नाहीत तर मून क्लिप, म्हणजे काडतुसं एकत्र धरणारी चकती, लावा. क्लिप बसत नसेल तर उद्यमबागेत (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत) सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा फिरता भाग, मागून कातून घ्या. अमेरिकेत हे पहिल्या महायुद्धापासून चालतं. परवान्यावर .३२ लिहिलेलंच आहे, तेव्हा कायद्याचाही प्रश्न नाही.

आपल्याकडे माजी सैनिक पुष्कळ, आणि असा निरोप ‘फौजेतल्या माणसानं सांगितलं’ म्हणून पुढे गेला की तो लगेच खरा ठरतो. यातला एक दावा अर्धा खरा आहे. बाकीचे हात आणि डोळे गमावायला पुरेसे आहेत.

‘.३२ म्हणजे .३२च.’

नाही. आपल्याकडच्या आयुध कारखान्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ सालचं, पूर्ण रिमचं (रिम म्हणजे बुडाची बाहेर आलेली कड), आणि त्याची पुंगळी सुमारे २३ मिलिमीटर लांब असते. पिस्तुलाचं ७.६५ म्हणजे .३२ एसीपी. ते १८९९ च्या ब्राउनिंग पिस्तुलासाठी आलं, त्याची रिम अर्धवट आणि पुंगळी सुमारे १७ मिलिमीटर. दोन्हींच्या बुडाची जाडी जवळपास सारखी, म्हणून पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) सहज उतरतं. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. काडतूस बसलं म्हणजे ते त्या शस्त्राचं झालं असं नाही.

खरा फरक दाबाचा आहे. अमेरिकी मानकानुसार .३२ लाँगचा कमाल दाब १५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), तर .३२ एसीपीचा २०,५००. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढ. गोळी लहान आणि हलकी असते, म्हणून दाबही कमी असेल असं वाटतं. पण गोष्ट नेमकी उलटी आहे. आयुध कारखान्याचं हे रिव्हॉल्व्हर वेब्ली घाटाचं, मधून मोडून उघडणारं. अशा शस्त्रात झटक्याचा सगळा भार वरची खिटी आणि खालची बिजागराची पिन सोसते. पहिल्या सहा गोळ्यांत काही होत नाही, म्हणून माणूस ‘मी मारून बघितलंय’ म्हणतो. पण पिन आणि खिटी हळूहळू ढिली होतात, आणि सिलिंडर व नळी यांच्यातली फट वाढत जाते.

दुसरी गोष्ट रिमच्या जाडीची. लाँगची रिम सुमारे १.४ मिलिमीटर जाड, एसीपीची १.१४. म्हणजे पाव मिलिमीटर जादा मोकळीक. काडतूस तेवढं पुढे सरकून बसतं, फायरिंग पिनचा घाव हलका पडतो आणि काडतूस फुसकं जातं. उडालंच तर पुंगळी मागे आपटते, प्राइमर (बुडातली ठिणगीची टोपी) बाहेर येतो आणि सिलिंडर अडकतो. गोळीला चेंबरमध्ये सहा मिलिमीटर जादा प्रवास करावा लागतो, त्यामुळे नेमही बिघडतो. शिवाय आखूड पुंगळीच्या तोंडापुढे काजळीचं कडं जमतं. पुढे कधी खरं लांब काडतूस घातलं की ते त्या कड्यात घट्ट बसतं, आणि पुंगळी बाहेर काढताना नाकीनऊ येतात.

‘पुंगळी अडकली तर मून क्लिप लावा.’

मून क्लिप म्हणजे पातळ पोलादाची खाचांची चकती. रिमलेस काडतुसांच्या बुडाजवळची खोबण तिच्यात अडकते, आणि सगळी काडतुसं एकदम आत जातात नि एकदम बाहेर येतात. रिम नसलेल्या काडतुसाला रिमचा आधार देणं हे तिचं काम. .३२ लाँगला रिम आधीच आहे. तिथे भरणं सोपं करायचं तर स्पीडलोडर आहे, क्लिपची गरजच नाही. एसीपीची रिम पुंगळीच्या बाहेर प्रत्येक बाजूला जेमतेम पाव मिलिमीटर येते, लाँगची जवळपास अर्धा. म्हणून एक्स्ट्रॅक्टरचा तारा (पुंगळ्या बाहेर ढकलणारा ताऱ्याच्या आकाराचा भाग) तिच्यावरून घसरतो आणि पुंगळी ताऱ्याखाली अडकते. क्लिपनं हे अडकणं थांबेलही, पण दाब तेवढाच राहील.

क्लिप बसायला जागा लागते. सिलिंडरचं बूड आणि मागची भिंत यांच्यातली फट मूळ रिमच्या हिशेबानं ठेवलेली असते. क्लिप त्यात कोंबली तर सिलिंडर घासत फिरतो किंवा फिरतच नाही. क्लिपसाठी बनवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्येही चकती किंचित वाकली की चाप जड होतो आणि घाव हलका पडतो. म्हणून तिथे नियम असा की प्रत्येक भरलेली क्लिप आधी डमी काडतुसांनी फिरवून बघायची आणि वाकलेली फेकून द्यायची. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांची खोबण वेगळी असते, त्यामुळे एका क्लिपमध्ये एक ब्रँड घट्ट आणि दुसरा डुगडुगता बसतो. रिकाम्या पुंगळ्या काढायला खास हत्यार लागतं. बोटांनी किंवा पक्कडीनं ओढलं की हमखास क्लिप वाकते.

‘उद्यमबागेतला कुणीही कारागीर कातून देईल.’

उद्यमबागेतल्या हाताला आम्ही कमी लेखत नाही. तिथे शतांश मिलिमीटरात काम होतं. पण इथे प्रश्न हाताचा नाही. सिलिंडर उष्णता-प्रक्रिया केलेल्या पोलादाचा असतो, आणि सिलिंडर जिथे अडकून थांबतो त्या खाचेपाशी चेंबरची भिंत सर्वांत पातळ असते. आतून चेंबर वाढवला की तीच जागा आणखी पातळ होते, आणि फुटते तीही बहुधा तिथूनच. मागची कड सगळीकडून सारखी कातली तर मूळ रिमचं काडतूसही मग जादा मोकळं बसतं. जिथे हे काम रीतसर होतं तिथे ताऱ्याभोवतीचा आतला भागच खोल करतात आणि बाहेरची कड राखतात. ताराही त्याच पातळीत उतरवावा लागतो. तो चुकला की सिलिंडर फिरवणाऱ्या पंज्याची जुळणी जाते, चेंबर नळीसमोर नीट येत नाही आणि गोळीचं शिसं कापलं जाऊन बाजूनं उडतं.

‘अमेरिकेत चालतंच की.’

हा अर्धा खरा. १९१७ साली पिस्तुलं कमी पडली म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांनी .४५ एसीपीसाठी रिव्हॉल्व्हर बनवली. तीन-तीन काडतुसांच्या अर्धचंद्र क्लिपा तेव्हाच्या. पण ती रिव्हॉल्व्हर कारखान्यातून त्याच काडतुसासाठी निघाली होती. क्लिपची कटकट नको म्हणून १९२० च्या सुमारास जाड रिमचं .४५ ऑटो रिम काडतूसही निघालं. रुगरच्या ब्लॅकहॉकला .३५७ आणि ९ मिमी असे दोन सिलिंडर मिळतात. तेही कारखान्यात त्याच शस्त्राला जुळवलेले, आणि त्या शस्त्रात पुंगळ्या एकेक करून दांडीनं ढकलायच्या असल्यामुळे तिथे रिम लागतच नाही.

आपल्या उदाहरणाशी जुळतं ते वेगळंच : युद्धानंतर अमेरिकेत .४५५ वेब्लीचे सिलिंडर मागून कातून त्यांत .४५ एसीपी घातलं गेलं. .४५५ चा दाब सुमारे १३,००० पीएसआय, .४५ एसीपीचा कमाल २१,०००. ती शस्त्रं ढिली पडली, काही फुटली, आणि आजही जाणकार त्यांत पूर्ण भाराची काडतुसं घालू देत नाहीत.

‘कायद्याचा प्रश्न नाही.’

आहे, आणि मोठा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राचं रूपांतर किंवा दुरुस्ती करायलाही वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या भंगाला किमान सात वर्षं ते जन्मठेप. कातणारा कारागीरही त्यात येतो. ९ मिमीचा नाद केला तर आणखी वाईट : सर्व्हिस ९ मिमी (फौज-पोलिसांच्या पिस्तुलाचं काडतूस) बसेल आणि उडेल असं कुठल्याही बोअरचं रिव्हॉल्व्हर २०१६ च्या नियमांप्रमाणे साध्या परवान्यावर मिळणाऱ्या शस्त्रांत मोडत नाही. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसनं दिलेला .३२ चा परवाना तिथे कामाला येत नाही.

ज्यांनी आधीच एसीपी मारून बघितलं आहे त्यांनी शस्त्र पूर्ण रिकामं करून बंद करावं, नळी आणि मूठ धरून बिजागरापाशी हलतंय का बघावं. सिलिंडर मागेपुढे सरकतो का तेही बघावं. नंतर चेंबरमधलं काजळीचं कडं ब्राँझ ब्रशनं आणि सॉल्व्हंटनं काढावं. पोलादी हत्यारानं खरवडू नये. हालचाल जाणवली तर एकही गोळी न मारता दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानात न्यावं. फुसकं गेलेलं काडतूस आत असेल तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबावं, मगच उघडावं. अडकलेली पुंगळी समोरून लाकडी काडीनं ढकलावी, पण ती उडालेली आहे याची खात्री असेल तरच.