ससा आहे म्हणून माळ शाबूत?

काल रात्री सोलापूरच्या पार्क चौकात वाद पेटला तो ससा आणि माळढोक पक्ष्यावरून. बार्शी रोडने येताना गाडीच्या उजेडात ससा आडवा गेला, असं बसू सांगत होता. पुढे म्हणाला, "माळढोक माळढोक काय करता बे? ससे हायेत की. नान्नजचा माळ काय ओस पडला नाही." नान्नज म्हणजे सोलापूरजवळचं माळढोक अभयारण्य.

महेश लगेच त्याच्या बाजूने. ससा वर्षातून कितीदा तरी वितो, पिल्लं जन्मतानाच केसाळ आणि डोळे उघडे. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, महिनाभर एकटीच उबवते. मध्येच कुत्रं आलं की संपलं. "असला पक्षी टिकणार कसा?"

इथे मी तापलो. ससा दोन-चार किलोचा, लांडग्यापासून गरुडापर्यंत सगळ्यांचं भक्ष्य. त्याला भराभर विणं भागच आहे. माळढोकाचा नर १५ किलोपर्यंत भरतो. एकदा मोठा झाला की त्याला मारणारं फारसं कुणी नव्हतं, म्हणून वर्षाला एक अंडं पुरायचं. मग माणसाने बंदूक आणली, विजेच्या तारा आणल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. एकेक पक्षी तारेवर आदळून मेला तर ती तूट एका अंड्याने कशी भरणार?

इरफानचं गाव तिकडचंच. तो इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "ससा तर आमच्या उसाच्या बांधावर पण राहतो. ज्वारीत राहतो, झुडपात राहतो."

मला हेच म्हणायचं होतं. ससा दिसला म्हणून माळ शाबूत आहे असं होत नाही. माळढोकाला लांबवर नजर जाईल असं मोकळं गवत लागतं. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. उरलेल्या माळाला पडीक ठरवून त्यावर गिरिपुष्पाची झाडं लावली. १९७९ साली अभयारण्य झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे ते बाराशेच्या आसपास आणलं.

"मग शेतकऱ्यानं ऊस लावायचा नाही का?" बसूचा सवाल रास्त आहे. शेतकऱ्याला कोण अडवतंय? पण वनखात्याच्या माळावर तरी झाडं नकोत. गवत राहिलं तर काळवीट, लांडगा, धाविक पक्षी राहतील.

बसूला अजून पटलेलं नाही. पण राजस्थानात जैसलमेरला २०१९ पासून माळढोकाची रानातली अंडी आणून उबवतायत, पिल्लं वाढवतायत. त्यांतली काही उद्या इकडे सोडायची म्हटलं, तर सोडायला माळ नको का?