जग वाचवायचंय? मग आधी ट्रॅम्पोलिन घ्या

तर तुम्हाला परग्रहावरचा मारधाडीचा पिक्चर काढायचाय आणि खिशात साखरपुड्याच्या व्हिडिओ शूटिंगपुरतेच पैसे आहेत. अभिनंदन! पैसे जास्त असते तर उगाच स्क्रिप्ट सुधारत बसला असतात.

सगळ्यात आधी अंतराळयुद्ध उरकून घ्या. ते स्वतः शूट करायच्या भानगडीत अजिबात पडू नका, दुसऱ्या कुणीतरी ते आधीच करून ठेवलंय ना. १९८२ साली तुर्कस्तानात चेतिन इनान्च या दिग्दर्शकाने 'द्युन्यायी कुर्तारान आदाम' म्हणजे 'जगाला वाचवणारा माणूस' नावाचा पिक्चर काढला, त्यात हिरो हेल्मेट घालून खुर्चीत बसलाय आणि त्याच्यामागे पडद्यावर चक्क 'स्टार वॉर्स'ची लढाई चालू आहे. मागचा शॉट बदलला की यान एकदम भलतीकडेच निघतं, हिरो मात्र ढिम्म, एसटीत खिडकीची सीट मिळाल्यासारखा. संगीतसुद्धा इंडियाना जोन्सच्या पिक्चरमधून उचललेलं. परवानगीचं काय म्हणता? शेजारून विरजण आणताना कधी अर्ज केलाय का तुम्ही?

मग ग्रह. त्यांच्याकडे कप्पाडोक्याचे सुळके होते, तिकडे नुसता कॅमेरा लावला की झाला परग्रह. आपल्याकडे निघोजचे रांजणखळगे आहेत की, फक्त रविवारी जाऊ नका, एलियनच्या मागे भेळ खाणारं कुटुंब दिसेल.

आता हिरो. त्या तुर्की पिक्चरचा हिरो ज्युनेत आर्किन, शिक्षणाने डॉक्टर बरं का, पण इथे पायाला धोंडे बांधून उड्या मारतो आणि नुसत्या हाताने खडकाला फटके लावतो, एक नाही दोन नाही, मारतच राहतो, एवढ्या वेळात एखाद्याने वन बीएचके बांधून घेतला असता. मग तो ट्रॅम्पोलिनवरून उडून राक्षसांच्या अंगावर पडतो. म्हणून म्हणतो, बजेटमध्ये कॅमेरा भाड्याने घ्या पण ट्रॅम्पोलिन स्वतःचं घ्या. मी हा पिक्चर घरी टीव्हीवर लावला होता, आई समोर मेथी निवडत होती, भाषा आम्हा दोघांनाही कळत नव्हती. लाल झिपऱ्यांचा राक्षस आला आणि तिने मान वर करून बघितलं. "अरे, हे तर आपलं बाथरूमबाहेरचं पायपुसणं!" यापुढे समीक्षक काय लिहिणार.

राक्षसाचा ड्रेस तोही परवडत नसेल तर असा नट शोधा जो स्वतःचा ड्रेस घरून घेऊन येईल. थट्टा नाही. १९५३ साली अमेरिकेत 'रोबोट मॉन्स्टर' आला, त्यात रोबोटचा सूट परवडेना म्हणून जॉर्ज बॅरोजला बोलावलं, त्याच्याकडे स्वतःचा गोरिलाचा सूट होता, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि झाला पृथ्वीचा कर्दनकाळ. चार दिवसांत शूटिंग खलास, खर्च सोळा हजार डॉलरच्या आसपास. या कर्दनकाळाच्या गुहेत एक यंत्र आहे ज्यातून साबणाचे फुगे येत राहतात, का येतात विचारू नका, पण टायटल्समध्ये त्या फुग्यांच्या मशीनचं नाव आहे. आणि संगीत कुणाचं, तर एल्मर बर्नस्टाइनचं! पुढे ऑस्कर मिळवणारा माणूस, त्याने त्या गोरिलासाठीसुद्धा जीव तोडून वाजवलंय.

सेटसाठी घरातल्या गणपतीचं मखर करणाऱ्या काकांना पकडा. स्वस्तातले पिक्चर काढणारा अमेरिकन निर्माता रॉजर कॉर्मन, त्याच्या १९८१ च्या 'गॅलक्सी ऑफ टेरर'मध्ये यानाच्या भिंतींना बर्गरचे फोमचे डबे चिकटवून वर रंग मारलेला होता. तिथे एक होतकरू पोरगा राबत होता, तुटलेल्या हातावरच्या अळ्या हव्या तेव्हा वळवळेनात म्हणून त्याने त्यांना विजेचा हलकासा शॉक दिला. त्या पोराचं नाव जेम्स कॅमेरॉन. पुढे त्याने महागडी जहाजं बुडवली तो भाग वेगळा, आपल्याला त्याच्यात अळ्यांपर्यंतच इंटरेस्ट आहे.

एक मात्र करू नका, हात जोडतो. मुद्दाम वाईट काढू नका. हल्ली चक्रीवादळातून शार्क उडवतात आणि वर प्रेक्षकाला डोळा मारतात, की बघा आम्हाला पण माहितीये हं. असं केलंत तर सगळं मुसळ केरात. आर्किनने खडकाला फटके मारताना एकदाही डोळा मारला नाही हो, त्याला खरंच जग वाचवायचं होतं, फक्त हातात पैसे नव्हते.

आणि शेवट करताना लाजू नका. त्या तुर्की पिक्चरमध्ये एक सोन्याची तलवार आहे आणि एक सोन्याचा मेंदू, हो, मेंदूच. हिरो दोन्ही वितळवून हातमोजे आणि बूट बनवून घेतो आणि मग व्हिलनला एकच कराटेचा हात मारतो, व्हिलन मधोमध दोन तुकडे! मी उठून टाळ्या वाजवल्या. आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली, चष्मा वर केला आणि विचारलं, "त्या हातमोज्यांची घडणावळ किती घेतली असेल रे?"