ट्रिगर लांब गेला म्हणून फ्लॅश मंद होत नाही

भाच्याने काढलेले वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका लग्नाचे फोटो मी गेल्या महिन्यात पाहिले. अंतरपाट दूर झाल्यानंतरच्या फोटोंमध्ये नवरीच्या अंगावरची मामाकडची पिवळी साडी जवळजवळ पांढरी पडलेली होती आणि जरीचे काठ कुठे संपतात तेही कळत नव्हते. "मामा, मी हॉलच्या अगदी मागे उभा होतो, म्हणून फ्लॅश फुल पॉवरवर ठेवला," असे त्याने सांगितले आणि पुरावा म्हणून मोबाइलवर आलेला एक मजकूर माझ्यापुढे धरला. वडोदऱ्यातल्या लग्नाच्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप गटांत गुजराती आणि हिंदीतून फिरून झालेला तो मजकूर आता कोणीतरी मराठीतही आणला आहे. कॅमेऱ्यापासून वेगळ्या ठेवलेल्या फ्लॅशची पॉवर वायरलेस ट्रिगरवरून, म्हणजे फ्लॅशला तारेशिवाय दुरून पेटवणाऱ्या यंत्रावरून, बदलूच नये, असा त्याचा उपदेश आहे. त्यासाठी चार कारणे दिली आहेत: ट्रिगर जितका लांब, तितका सिग्नल क्षीण आणि तितका फ्लॅश मंद, पॉवर कमी केली तरी फ्लॅश आत पूर्ण वीज जाळतोच, हॉलमधल्या वाय-फायमुळे पॉवर आपोआप बदलते, आणि ट्रिगरमुळे कॅमेरा जळतो.

यातले पहिले कारण सर्वांत हास्यास्पद आहे आणि नुकसानही त्यानेच केले आहे. ट्रिगर फ्लॅशला वीज पुरवत नाही. तो २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवरून "अ गट, एक अष्टमांश, पेट" एवढीच सांकेतिक आज्ञा पाठवतो. ती पोहोचली तर फ्लॅश सांगितलेल्या पॉवरवर पेटतो आणि पोहोचली नाही तर पेटत नाही. अर्धवट ऐकून अर्धवट पेटण्याची सोय त्यात नाही. टीव्हीच्या रिमोटचे बटण दुसऱ्या खोलीतून दाबले म्हणून चॅनेल अर्धेच बदलत नाही, हे ज्यांना समजते त्यांना हेही समजायला हवे होते.

तोंडी सांगून भाच्याला पटेना, म्हणून आमच्या इमारतीच्या गॅलरीत स्टँडवर फ्लॅश लावला आणि त्याच्यापासून बरोबर दोन मीटरवर त्याला प्रकाश मोजणारे लाइट मीटर हातात देऊन उभे केले. ट्रिगर माझ्याकडे होता, एक अष्टमांश पॉवर लावलेली होती. तीन मीटरवरून चाचणीचे बटण दाबले, तेव्हा मीटरवर एफ ५.६ आणि वर तीन दशांश असा आकडा आला (हा लेन्सचे छिद्र केवढे ठेवायचे त्याचा आकडा; तो मोठा तितका प्रकाश जास्त). गॅलरीच्या दुसऱ्या टोकावरून दाबले, तोच आकडा. जिना उतरून खाली स्कूटरी लावतात तिथून दाबले, तरी वरून ओरडून त्याने तोच आकडा सांगितला. तिथूनच ट्रिगरवर पॉवर एक चतुर्थांश केली, तेव्हा मात्र एफ ८ आणि तीन दशांश आला, म्हणजे नेमका एक स्टॉप वाढला, प्रकाश दुप्पट झाला. त्यानंतर त्याला दोन मीटरवरून चार मीटरवर सरकवले आणि पॉवर तशीच ठेवली. आकडा दोन स्टॉपनी खाली आला, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. प्रकाशाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते फ्लॅश आणि नवरी यांच्यातले अंतर. फोटोग्राफर आणि नवरी यांच्यातल्या अंतराचा त्याच्याशी संबंध नाही.

हा गैरसमज कुठून आला असेल, याचा अंदाज करता येतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरच चढवलेला असतो तेव्हा आपण मागे सरलो की फ्लॅशही मागे सरतो आणि समोरचा माणूस खरोखरच अंधारतो. वर्षानुवर्षे असे काम केलेल्याला फ्लॅश स्टँडवर गेल्यावरही तीच सवय राहते. पण सवयीला सिग्नलचे शास्त्र जोडून ते नवशिक्यांना वाटणे अक्षम्य आहे. त्या लग्नात फ्लॅश मंचापासून जेमतेम अडीच मीटरवर होता आणि एक अष्टमांश पॉवर पुरली असती. फुल पॉवर म्हणजे त्यावर तीन स्टॉप, अर्थात आठपट प्रकाश. एवढे करून अक्षता पडत असताना फ्लॅश तापून मंदावला आणि पुढच्या चार फ्रेम काळ्या गेल्या त्या गेल्याच.

दुसऱ्या कारणात अर्धे सत्य आहे, आणि ते नाइलाजाने मान्य करतो. १९६० च्या दशकातले पहिले ऑटोमॅटिक फ्लॅश पुरेसा प्रकाश पडला की कॅपॅसिटरमधली, म्हणजे फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या भागातली, उरलेली वीज खरोखरच दुसऱ्या एका नळीत वळवून वाया घालवत. १९७० च्या दशकात थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचची मंडले आली आणि उरलेली वीज कॅपॅसिटरमध्येच राहू लागली. आजच्या फ्लॅशमध्ये वीज मध्येच तोडण्याचे तेच काम आयजीबीटी नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच करतो. आपल्याकडे पुष्कळांकडे असलेल्या गोडॉक्स कंपनीच्या एडी २०० फ्लॅशचे माहितीपत्रक उघडून पाहावे. त्यात पुन्हा चार्ज होण्याचा वेळ ०.०१ ते २.१ सेकंद असा दिला आहे. प्रत्येक वेळी सगळी वीज जळत असती तर कमी पॉवरवरही दोन सेकंद थांबावे लागले असते. त्याच पत्रकात प्रकाशाचा कालावधी १/२२० ते १/१३००० सेकंद असा आहे, कारण अशा फ्लॅशमध्ये पॉवर कमी करणे म्हणजे मुख्यतः तो लवकर विझवणे. एका चार्जिंगमध्ये सुमारे ५०० फ्लॅश मिळतात हा आकडा फुल पॉवरचा आहे. एक अष्टमांशवर किती अधिक मिळतील, याचा हिशेब मजकूर लिहिणाऱ्याने करून पाहावा.

वाय-फाय ट्रिगरच्याच पट्ट्यात चालते हे खरे, परंतु त्याच्या गर्दीत आज्ञा हरवू शकते, बदलत नाही. पॉवर "आपोआप" बदललेली दिसली तर बहुधा दुसऱ्या फोटोग्राफरचा त्याच कंपनीचा ट्रिगर त्याच चॅनेलवर आहे आणि तुमचा फ्लॅश निमूटपणे त्याची आज्ञा पाळतो आहे. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर एकाच वेळी अनेक जण पहिल्या चॅनेलवर असले की हा गोंधळ होणारच. चॅनेल आणि ट्रिगरचा आयडी (ओळख-क्रमांक) दोन्ही बदलून घ्यावेत.

कॅमेरा जळण्याची भीती जुन्या फ्लॅशवरून आलेली आहे. त्यांपैकी काहींच्या ट्रिगरच्या टोकांवर दोनशे व्होल्टांहून अधिक दाब असे आणि ते थेट कॅमेऱ्याच्या हॉट शूवर, म्हणजे वरच्या फ्लॅश बसवण्याच्या खाचेवर, चढवणे धोक्याचे होते. वायरलेस ट्रिगर वापरला तर असा फ्लॅश कॅमेऱ्याला तारेने जोडलेलाच राहत नाही. जळलाच तर फ्लॅशखालचा, ट्रिगरची आज्ञा घेणारा रिसीव्हर जळेल, म्हणून घरातल्या जुन्या फ्लॅशचा दाब आधी मल्टिमीटरने मोजून घ्यावा.